तोंड आलंय की साखर वाढलीय? मधुमेह आणि तोंडातली बुरशी

'तोंड आलंय' हे आपल्याकडे कशालाही म्हणतात. गालाच्या आत फोड आला तरी तोंड आलं, जीभ सोलवटली तरी तोंड आलं, आमटी झोंबायला लागली तरी तोंड आलं. उपायही घरोघरी तेच: उष्णता झाली असेल म्हणून रात्री इसबगोल, सकाळी बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल आणि जिभेला तूप नाहीतर बोरोग्लिसरीन. साध्या फोडाला एवढं पुरतंही, कारण तो आठ-दहा दिवसांत आपोआप भरतो. पण मधुमेह असलेल्या माणसाचं तोंड पुन्हा पुन्हा येत असेल, जिभेची आग होत असेल, चव गेली असेल किंवा टाळूवर पांढरं काही दिसत असेल, तर तो बहुतेक वेळा उष्णतेचा प्रकार नसतो. ती बुरशी असते. आणि ती बुरशी त्या माणसाच्या रक्तातल्या साखरेबद्दल काहीतरी सांगत असते.

अनेकदा तर मधुमेह आहे हेच माहीत नसतं आणि दाताच्या डॉक्टरांना तोंडात बुरशी दिसते म्हणून रक्त तपासलं जातं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असं त्यात दिसलं. राज्यांमध्ये सर्वांत वर गोवा होता. तिथे प्रौढांपैकी २६ टक्क्यांहून अधिक लोकांना मधुमेह आढळला. म्हणजे हा विषय कोणाच्याच घरापासून फार लांब नाही.

बुरशी बाहेरून येत नाही

या बुरशीचं नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. दोन्ही लॅटिन शब्दांचा अर्थ पांढरेपणाशीच जोडलेला आहे. निरोगी माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या तोंडात ती असतेच, आणि काही त्रास देत नाही. पाव फुगवणाऱ्या यीस्टची ती लांबची नातेवाईक आहे आणि तिलाही साखर आवडते.

तिची दोन रूपं असतात. शांत असते तेव्हा ती गोल, सुट्या पेशींच्या रूपात राहते. परिस्थिती मानवली की तिला धाग्यासारखे कोंब फुटतात आणि ते गालाच्या, टाळूच्या नाजूक त्वचेत घुसतात. हे धागे कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात आणि त्याने तोंडातल्या पेशींना भोकं पडतात, हे शास्त्रज्ञांना २०१६ साली कळलं. जिभेची आग आग होते त्यामागे हे खरंखुरं नुकसान असतं.

एरवी तिला कोण आवरून धरतं? पहिली लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडातून फिरते, बुरशी धुऊन पोटात नेते, शिवाय तिच्यात बुरशीला मारणारी प्रथिनं असतात. दुसरे तोंडातले इतर जिवाणू, जे तिला जागा मिळू देत नाहीत. आणि तिसऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, ज्या तिला गिळून टाकतात.

साखर वाढली की यातला जवळपास प्रत्येक पहारेकरी ढिला पडतो. रक्तातली साखर चढली की लाळेत आणि हिरड्यांच्या कडेला पाझरणाऱ्या द्रवातही साखर वाढते, म्हणजे बुरशीला आयतं जेवण. ती साखर खाऊन ती आम्ल तयार करते, आणि आंबट वातावरण तिला मानवतं पण चांगल्या जिवाणूंपैकी अनेकांना मानवत नाही. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडं ती लघवीतून बाहेर टाकू लागतात. साखरेसोबत पाणीही जातं, वारंवार लघवी होते आणि तोंड कोरडं पडतं. लाळ आटली की धुणंही थांबलं. आणि जास्त साखरेत न्यूट्रोफिल सुस्तावतात. जागेवर उशिरा पोचतात, पोचल्या तरी बुरशी नीट गिळत नाहीत.

मग एक फेरा सुरू होतो, आणि घरच्यांना तो सहसा दिसत नाही. तोंड दुखतं म्हणून भाकरी, कोशिंबीर, उसळ बंद होते. त्याऐवजी चहात बुडवलेली बिस्किटं, साखर घातलेलं दूध, मऊ भात, पेज, केळं. 'निदान काहीतरी पोटात जातंय' म्हणून सगळ्यांना बरं वाटतं. पण त्याने साखर आणखी चढते, बुरशी आणखी फोफावते, तोंड आणखी दुखतं. या दिवसांत मऊ पण गोड नसलेलं द्यावं: घट्ट वरण, मुगाचं कढण, उकडलेलं अंडं कुस्करून, गार केलेली नाचणीची आंबील तीही ताकातली आणि बेताची, पनीर, मऊ शिजवलेला दुधी.

आरशासमोर उभं राहून काय पाहायचं

मोबाइलची टॉर्च लावा, कवळी असेल तर काढा, आणि आरशात बघा. जीभ वर, बाहेर, दोन्ही बाजूंना. मग गालांची आतली बाजू बोटाने ओढून. शेवटी मान मागे टाकून टाळू.

सगळ्यांत ओळखीचा प्रकार म्हणजे दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके. स्वच्छ गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून त्यावरून हलकेच फिरवला की पांढरं निघून गॉजवर येतं आणि खाली लालबुंद, सोललेली जागा दिसते. कधी रक्ताचा एखादा थेंबही येतो. दुधाची साय किंवा अन्नाचा थर असेल तर तो चूळ भरल्यावर जातो आणि खालची त्वचा नेहमीसारखी गुलाबी असते. ही गॉजची खूण डॉक्टरही वापरतात. घरी एकदाच करा, पुन्हा पुन्हा खरवडू नका.

दुसरा प्रकार लाल, आणि तोच जास्त फसवतो, कारण पांढरं काहीच दिसत नाही. जीभ गुळगुळीत, तुळतुळीत होते, तिखटच काय, कोमट चहाही झोंबतो. इथे एक गोष्ट नक्की तपासून घ्यावी. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्यानेही जीभ अशीच लाल, तुळतुळीत होते आणि ओठांचे कोपरे चिरतात. कधी बी-१२ ची कमतरता आणि बुरशी दोन्ही एकत्र असतात. अंदाजाने बी-कॉम्प्लेक्स घेत राहण्यापेक्षा रक्तातलं बी-१२ एकदा मोजलेलं बरं. त्यासाठी मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करायची नाही.

तिसरा प्रकार कवळीखालचा, आणि तो पाहिला की विसरता येत नाही. वरची कवळी काढली की टाळूवर तिचाच आकार लाल रंगात उमटलेला असतो. जिथे कवळीची कड संपते तिथे लालीही रेघ मारल्यासारखी संपते. बहुतेकांना याचा त्रास काहीच होत नाही, म्हणून ते कोणाला सांगतही नाहीत, आणि बुरशी महिनोन् महिने तिथे मुक्काम करते. ओठांचे कोपरे वारंवार फाटत असतील तर तोंडात आत, कवळीखाली, नक्की बघावं. कोपऱ्यांना कितीही मलम लावलं तरी आतला साठा तसाच राहिला तर ते पुन्हा फाटतातच. झिजलेल्या कवळीमुळे ओठ आत जातात, कोपऱ्यांत लाळ साचते, तेही एक कारण असतं.

आणि एक पांढरा डाग असा, जो गॉजने पुसून निघत नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी किंवा विडी यांची सवय असेल तर हा डाग बुरशीचा आहे असं गृहीत धरून औषध लावत बसू नये. तो कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकतो. बुरशीचाही एक जुनाट प्रकार असा न पुसला जाणारा असतो, पण दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. दोन आठवड्यांत न गेलेला कोणताही पांढरा किंवा लाल डाग दंतवैद्यांना दाखवायलाच हवा.

साध्या बुरशीचं निदान बहुधा बघूनच होतं. शंका असेल तर डाग खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धागे पाहतात, औषधाला दाद मिळत नसेल तर कल्चर लावतात, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहतात. आणि मधुमेह माहीत नसलेल्या प्रौढाला कारणाशिवाय बुरशी झाली असेल, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ही तपासणी लगेच करावी. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के आणि त्याच्या वर असेल तर मधुमेहाची शक्यता पक्की धरून डॉक्टर पुढचं ठरवतात.

औषध लावायची रीत

सौम्य संसर्गाला लावायचं औषध पुरतं. आपल्याकडे बहुतेक वेळा क्लोट्रिमॅझोलचा १ टक्क्याचा माउथ पेंट लिहून देतात. नायस्टॅटिन हे जुनं औषधही चालतं. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी ते १९५० साली पुढे आणलं आणि न्यू यॉर्क स्टेटवरून त्याला नाव दिलं. पोटातून ते रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, म्हणून वयस्कर आणि खूप गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी ते सोयीचं पडतं.

औषध 'लागू पडलं नाही' अशी तक्रार येते तेव्हा बहुधा लावण्यात चूक असते. लाळेने माखलेल्या जागेवर थेंब टाकले की ते मिनिटभरात गिळले जातात. आधी जेवण, मग दात घासणं, चूळ, कवळी बाहेर. मग गॉजने ती जागा टिपून कोरडी करायची आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढे थेंब बोटाने किंवा कापसाने डागावर आणि आजूबाजूला पसरायचे. जमेल तितका वेळ तोंडात राहू द्यायचं आणि पुढे निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सहसा दिवसातून तीन-चार वेळा, त्यातली शेवटची वेळ झोपताना, कारण रात्री लाळ कमी असते आणि औषध टिकतं.

डाग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसेनासे होतात, आणि तिथेच बाटली कपाटात जाते. हे करू नका. वरचा पांढरा थर गेला तरी धागे आत असतात. साधारण ७ ते १४ दिवसांचा कोर्स असतो, आणि डाग गेल्यावरही निदान दोन दिवस औषध चालू ठेवायचं असतं. कोर्स संपला की टूथब्रश बदला. नायस्टॅटिनच्या काही द्रव औषधांत साखर असते, केमिस्टला विचारून घ्या. नायस्टॅटिन चालू असताना क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉशही दिलं असेल तर दोन्हींत किमान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, नाहीतर ती एकमेकांना निकामी करतात.

मध लावायचा सल्ला फार जण देतात. मधुमेह असलेल्या माणसाच्या तोंडात, जिथे बुरशी साखरेवर जगतेय, तिथे मध चोपडण्यात काही अर्थ नाही.

फ्लुकोनॅझोल आणि साखरेची गोळी

या लेखातला कुठला एक परिच्छेद घरच्यांना वाचून दाखवायचा असेल तर तो हा. संसर्ग जास्त असेल, लावायच्या औषधाने गेला नसेल, किंवा गिळताना छातीत दुखत असेल (म्हणजे बुरशी अन्ननलिकेत उतरली असावी), तर फ्लुकोनॅझोल पोटातून देतात. चांगलं औषध आहे, केमिस्टकडे सहज मिळतं, आणि इथेच धोका आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या मधुमेहाच्या गोळ्या यकृतातल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने शरीराबाहेर पडतात. फ्लुकोनॅझोल त्याच विकराला रोखतं. मग नेहमीचीच गोळी रक्तात साचते. ग्लिमेपिराइडचं प्रमाण याने दुपटीहून जास्त झालेलं अभ्यासांत दिसलं आहे. त्यात तोंड दुखतं म्हणून जेवणही अर्धं. परिणामी साखर एकदम खाली येते.

घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही लक्षणं दिसली तर ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा द्या, आणि वर आली की थोडं जेवू घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. फ्लुकोनॅझोल शरीरात रेंगाळतं, म्हणून त्याच्या शेवटच्या गोळीनंतरही चार-पाच दिवस साखर मोजत राहा. मधुमेहाच्या गोळीचा डोस कमी करायचा का, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. मेटफॉर्मिनच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल गोळी चालू असेल तर फ्लुकोनॅझोलने रक्तस्राव होऊ शकतो. मायकोनॅझोल या बुरशीच्याच औषधाची तोंडात लावायची जेलसुद्धा हेच करते, आणि नुसती जेल आहे म्हणून कोणी ते सांगतच नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्यांचं पटत नाही, आणि गरोदरपणात फ्लुकोनॅझोल आपल्या मनाने अजिबात घ्यायचं नाही. म्हणून तोंड दाखवायला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.

कवळी, कोरडं तोंड, पंप

कवळीचं ॲक्रिलिक बारीक छिद्रांचं असतं आणि बुरशी त्यात घर करते. टाळूवर औषध लावायचं आणि तीच कवळी पुन्हा चढवायची, म्हणजे पाय धुऊन चिखलातली चप्पल घालण्यासारखं. रात्री कवळी काढून ठेवायचीच, टाळूला रोज सहा-आठ तास हवा मिळाली पाहिजे. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासा. टूथपेस्ट नको, तिच्या खरखरीत कणांनी ओरखडे पडतात आणि बुरशीला नव्या खाचा मिळतात. गरम पाणी नको, कवळी वाकते. संसर्ग असेपर्यंत ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये दिवसातून दोनदा १५ ते ३० मिनिटं बुडवा आणि धुऊन वापरा. त्याने थोडे डाग पडतात, पण तात्पुरता उपाय म्हणून चालतं. एवढं करूनही लाली परतत असेल तर कवळी सैल किंवा जुनी झाली आहे, तिला आतून नवा थर द्यावा लागेल किंवा नवी करावी लागेल.

कोरडेपणासाठी घोट घोट पाणी, आणि साखर नसलेलं च्युइंगगम. लिमलेटची गोळी चघळू नका. गोड चहाचा अर्धा कप दिवसात सहा वेळा घेतला तर तोंडाला सहा वेळा साखर मिळते, तोच चहा दोन वेळा बिनसाखरेचा घ्या आणि नंतर चूळ भरा. सर्दी-ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही लाळ आटते, तसं वाटलं तर डॉक्टरांशी बोला. दम्याचा स्टेरॉइडचा पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावा आणि प्रत्येक वेळी चूळ भरून थुंका. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर पुढचे दोन आठवडे तोंडावर जास्त लक्ष ठेवा, कारण बुरशीला थोपवणारे जिवाणू त्यात मरतात.

साखर आटोक्यात आणल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. एचबीएवनसी मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे दोन आठवड्यांत ते बदललेलं दिसणार नाही. तेवढ्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर घरी मोजून वहीत लिहा. तोंड सुधारतंय की नाही हे त्या आकड्यांशी जोडून पाहिलं की पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात.

काळा डाग वेगळा

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात आणि गुजरातेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, आणि 'काळी बुरशी' हा शब्द घराघरात पोचला. तेव्हापासून जिभेवर पांढरं दिसलं तरी माणसं घाबरतात. कॅन्डिडा वाढून म्युकर होत नाही, त्या दोन निरनिराळ्या बुरश्या आहेत. म्युकरचे बीजाणू हवेतून नाकात जातात, तिथून सायनसमध्ये, मग टाळूकडे आणि डोळ्याकडे. मधुमेह आटोक्याबाहेर गेला, विशेषतः रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून रक्त आम्लधर्मी झालं, की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं, आणि म्युकरला लोह फार लागतं. त्यात कोविडमध्ये दिलेल्या स्टेरॉइडने साखर चढली आणि प्रतिकारशक्तीही दबली.

तो काळा रंग बुरशीचा नसतो. म्युकर रक्तवाहिन्यांमध्ये घुसते, त्या बुजतात, आणि रक्त न मिळाल्याने मेलेला भाग काळा पडतो. म्हणूनच मलम किंवा माउथ पेंट तिथे पोचूच शकत नाही. शिरेतून ॲम्फोटेरिसिन हे बुरशीनाशक आणि मेलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया, दोन्ही लागतात, कधी वरच्या जबड्याचा भाग काढावा लागतो.

एका बाजूच्या गालाला बधिरपणा किंवा सूज, वरचे दात अचानक हलू लागणं, टाळूवर राखाडी किंवा काळा डाग, नाकातून काळपट किंवा रक्ताळलेला स्राव, पापणी खाली येणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं. मधुमेह असताना यातलं काहीही दिसलं तर हलणारा दात काढून घ्यायला दंतवैद्याची दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊ नका. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री जा, आणि तिथे पहिल्याच वाक्यात सांगा: मधुमेह आहे, आत्ताची साखर एवढी आहे, आणि गाल बधिर आहे किंवा टाळूवर काळा डाग आहे.